श्यामरावभाऊंचे शंभर दाणे

श्यामरावभाऊ गुरनुल्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते डाळ निवडत बसले आहेत असा माझा समज झाला. दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू होऊन मला जेमतेम तासभर झाला होता. कोपऱ्यातल्या एका खोलीत पन्नाशीला टेकलेला, किरकोळ अंगाचा माणूस टेबलाशी बसला होता. मांडीवर पत्र्याची डबी, पुढ्यात पितळेच्या चार वाट्या, आणि उजवा हात डबीतून एकेक दाणा काढून वाट्यांत टाकत होता. टक्. टक्. टक्. म्हटलं, झकास! बाहेर पेशंट ताटकळताहेत आणि इथे स्वयंपाकाची तयारी चाललीय. मी जरा करड्या आवाजात विचारलं, "लॅबचं काम कोण बघतं इथे?"

त्या माणसानं मान वर केली नाही. डावा हात तेवढा उचलला, थांबा म्हणून. मग माझ्या लक्षात आलं की त्याचा एक डोळा मायक्रोस्कोपला चिकटलेला आहे. आणखी दोन दाणे पडले, डबी रिकामी झाली, आणि तो लगबगीनं उठून हात जोडत म्हणाला, "माफ करा बाई. अठ्ठ्याण्णववर होतो. मधात बोललो असतो तं त्या बिचाऱ्याच्या रक्तात दोन पेशी कमी भरल्या असत्या."

ही आमची पहिली भेट. मूल गावाच्या पुढे, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधोमध उभा असलेला तो वीस खाटांचा धर्मादाय दवाखाना होता. मी कोल्हापूरकडची, वयानं सत्तावीस, डिग्रीची शाई ओली. त्यामुळे मला सगळंच येतं अशी माझी ठाम समजूत होती. ती समजूत श्यामरावभाऊंनी पुढच्या काही वर्षांत, मला कळूही न देता, हळूहळू उतरवली.

दाण्यांची भानगड अशी होती. रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून, मायक्रोस्कोपखाली त्यातल्या शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि कुठल्या जातीच्या किती ते लिहायचं, हे लॅबचं रोजचं काम. त्यासाठी खटके दाबायचं छोटं यंत्र मिळतं. दवाखान्याकडेही एक होतं, पण त्याचा एक खटका दाबला की वर यायचं नावच घेत नसे. श्यामरावभाऊंनी ते कपाटात ठेवून दिलं आणि घरून लाखोळीचे, तिकडच्या एका कडधान्याचे, शंभर दाणे आणले. धान कापायच्या आधी बांधीतल्या ओलीवर लाखोळी फेकायची, हा तिकडचा रिवाज. भाऊंच्या दीड एकरातही ती व्हायची. डबीत मोजून शंभर दाणे. पेशी दिसली की दाणा तिच्या जातीच्या वाटीत. डबी रिकामी झाली की शंभर पेशी झाल्या, मायक्रोस्कोपवरून डोळा काढायची गरज नाही. पेशींच्या जाती पाच आणि वाट्या चार, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "पाचवी जात लय क्वचित दिसते बाई. तिच्यासाठी शर्टाचा खिसा हाय."

आणखी एक सवय होती. न्यूट्रोफिल नावाच्या पेशी बहुधा सगळ्यांत जास्त असतात, त्यांची वाटी मोठी. ती भाऊ कधी मोजत नसत. तीन लहान वाट्या मोजायच्या, शंभरातून वजा करायच्या, उरले ते मोठ्या वाटीत. हिशेब चोख, वेळ निम्मा. मला ही युक्ती इतकी आवडली की मी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं. ते कौतुक मला पुढे चांगलंच महागात पडलं.

आमच्या भागात तोंडाचे कॅन्सर फार. त्याचं कारण प्रत्येक चौकातल्या पानठेल्यावर दिसायचं. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून ठेलेवाले घोटत बसतात. हा खर्रा. लग्नात खर्रा, मयतीला खर्रा, पंचायतीच्या मीटिंगला खर्रा. श्यामरावभाऊंचं त्याच्याशी जुनं वैर. कोणी खर्रा खाऊन रक्त द्यायला आला की भाऊ त्याच्या गालाच्या आतून काडीनं जरा खरवडून काच करायचे आणि मायक्रोस्कोपला त्याचा डोळा लावून म्हणायचे, "पाहा. हे तुयं घर हाय. भिंती कशा झाल्या पाहून घे. आता पाहुणा राह्याले आला तं मले सांगाले येजो नोको." माणूस घाबरायचा आणि घाबरला की बाहेर जाऊन आधी एक खर्रा घ्यायचा. भाऊ कपाळावर हात मारून घ्यायचे आणि पुढच्याची काच करायला लागायचे.

मी तिथे रुजू होऊन वर्ष होत आलं असेल, तेव्हा एका दुपारी ते माझ्या टेबलाशी उभे राहिले. हातात शाळेची दोनशेपानी वही होती. सांगू की नको असा चेहरा. मी बसा म्हटलं तरी बसेनात.

"बाई, हसान नाई ना?"

"नाही हसत. सांगा."

"कॅन्सरचे जे पेशंट इथून नागपूरले जातात, त्यायच्या रक्ताचे दोन आकडे मी लिहून ठेवून राह्यलो. दवाखान्याच्या रजिस्टरात नाई, मायाच वहीत. न्यूट्रोफिल किती अन् लिम्फोसाइट किती. मोठी वाटी अन् तिच्याजवळची वाटी. मले असं दिसून राह्यलं का मोठी वाटी लहानीच्या दुप्पट-अडीचपट असन तं मानूस बहुतेक वापस येते. पाच-सहापट, आठपट झाली तं..." पुढचं त्यांनी हातानंच सांगितलं.

मी हसले नाही, पण वाद मात्र घातला. ताप आला तरी न्यूट्रोफिल वाढतात, साधं गळू झालं तरी वाढतात, असं त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हाव. म्हून ताप असन तं मी वहीत लिहत नाई. ताप उतरू देतो, मंग काच करतो."

मी वही उघडली. नाव, गाव, दोन आकडे, आणि तिसरा रकाना. तिसऱ्या रकान्यात कुठे 'भेटला' लिहिलेलं, कुठे 'भेटली'. माणूस उपचारानंतर पुन्हा दवाखान्यात, बाजारात, कुणाच्या लग्नात, कुठेही जिवंत दिसला की भाऊ घरी येऊन तेवढा एक शब्द लिहायचे. कुणाच्या पुढे तो शब्द चार-पाच वेळा होता. काहींच्या पुढे काहीच नव्हतं. ती कोरी जागा बघून मला गलबलून आलं, हे कबूल करायला हवं.

असं का होत असेल, यावर त्यांचं स्वतःचं एक उत्तरही होतं. त्यांचा आजा जंगलात वाघाच्या हाक्याला जायचा, ते त्यांनी लहानपणी पाहिलेलं. ते म्हणायचे, "न्यूट्रोफिल म्हंजे हाकारे. डबे वाजवतात, बोंबलतात, इकडून तिकडं पळतात. लिम्फोसाइट म्हंजे माग काढनारे. गुपचूप चालतात, पन वाघ कुठी बसला थे त्यायलेच ठाऊक. हाकारे वाढले अन् माग काढनारे कमी झाले, तं गोंधळ मोठा होते अन् वाघ निसटते." मला पाच वर्षांच्या मेडिकल कॉलेजात इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं.

हळूहळू मी त्या वहीच्या प्रेमात पडले. भाऊंपेक्षा जास्तच पडले, असं आता वाटतं. पेशंटला नागपूरला धाडताना मी आधी आकडा बघू लागले. आणि आमच्याकडे गोष्टी लपून राहत नाहीत. गावोगाव बोलवा झाली की श्यामरावभाऊंच्या वाटीत माणसाचं पुढचं दिसतं. लोक येऊन सरळ म्हणू लागले, "मायी वाटी पाहून द्या ना भाऊ." भाऊ वैतागायचे. "मी का देवऋषी हाओ? रक्त खोटं बोलत नाई, बाप्पा, पन वाचनारा तं मानूसच हाय ना!" हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं की मी ते ऐकायचंच सोडून दिलं होतं.

लहानुभाऊ शिवरकर आमच्याकडे आला तो अशा दिवसांत. तलावात मासे धरणारा माणूस, चाळिशीचा, खांदे दांडगे, बोलणं त्याहून दांडगं. डाव्या गालात आतून जखम झाली होती, तपासणीत कॅन्सर निघाला. सुदैवानं गाठ लहान होती. नागपूरला ऑपरेशन करायचं म्हणजे जबड्याचा तुकडा जाणार, पण माणूस वाचण्यासारखा होता. बायको अनसाबाई त्याला न्यायला एका पायावर तयार. हा मात्र अडून बसलेला.

"मराचंच असन तं आमच्या तलावाच्या पाळीवर मरन. नागपुरात मले वळखते कोन?"

महिनाभर आम्ही सगळ्यांनी समजूत घातली. त्या महिन्यात एक चांगली गोष्ट झाली, त्यानं खर्रा सोडला. तोंडात लवंग धरून फिरायचा आणि भेटेल त्याच्यावर खेकसायचा. शेवटी एका सोमवारी तो अनसाबाईला घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, लय झालं. श्यामरावभाऊची वाटी सांगन थे करतो. वाटी चांगली तं नागपूर. नाई तं घर." मी तेव्हाच त्याला झापायला हवं होतं की असं वाट्यांवर ठरवत नाहीत. मी म्हटलं, बरं.

त्याच सोमवारी मैनाबाई आली होती. जंगलातल्या एका लहानशा गावची म्हातारी. तिच्या सुनेचं बाळंतपण आम्ही केलं होतं, त्याबद्दल ती कोंबडी घेऊन आलेली. नको म्हटलं असतं तर ती रुसली असती. मैनाबाईनं कोंबडीच्या पायाला दोरी बांधून ती लॅबच्या खिडकीच्या गजाला अडकवली आणि सावलीत जाऊन बसली. आता ही कोंबडी, ही खिडकी आणि खिडकीला लागून असलेलं भाऊंचं टेबल. वाचक माझ्यापेक्षा हुशार असणार, त्यांना कळलंच असेल. आम्हाला नाही कळलं.

भाऊंनी लहानुभाऊची काच बघितली, शंभर दाणे टाकले आणि हात धुवायला मागच्या नळावर गेले. परत येऊन पाहतात तो कोंबडी टेबलावर, आणि तिनं रजिस्टरवर आपली सही करून ठेवलेली. भाऊंनी तिला हुसकावलं, पान पुसलं, बडबडत लहान वाट्या मोजल्या आणि नेहमीसारखी वजाबाकी केली. लिम्फोसाइट नऊ. न्यूट्रोफिल चौऱ्याऐंशी. नऊपटीच्याही वर.

कागद घेऊन ते स्वतः माझ्याकडे आले. तसे ते कधी येत नसत.

"बाई, हे जमून नाई राह्यलं. गाठ लहान हाय. मानेत काई नाई. वजन उतरलं नाई. ताप नाई. मंग आकडा असा काऊन?"

मी म्हटलं, "भाऊ, आकडा तुमचाच आहे." आणि पुढे, स्वतःच्या शहाणपणावर खूष होऊन, "म्हणजे आत काहीतरी असणार, आपल्याला दिसत नसेल."

लहानुभाऊ समोर येऊन बसला. मी त्याला जा म्हटलं नाही, जाऊ नको असंही म्हटलं नाही. 'आकडा काही बरा नाही, घरच्यांशी बोलून ठरवा,' असं काहीतरी पुटपुटले. डॉक्टर लोक असं पुटपुटतात तेव्हा त्याचा अर्थ काय होतो, हे पेशंटला बरोबर कळतं. त्यानं अनसाबाईकडे पाहिलं. "झालं ना समाधान? चाल." ती पदराचं टोक दातांत धरून त्याच्यामागून निघून गेली. साडेचारच्या बसला अजून दोन तास होते.

चार वाजता भाऊ लॅब आवरायचे. आवरताना दाणे डबीत परत मोजून भरायचे, हा त्यांचा नेम. त्या दिवशी लहानुभाऊनंतर कुणाची मोजणी नव्हती. मी पुढच्या खोलीत होते. आतून मोजण्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. मग भाऊ दारात आले. चेहरा पांढराफटक.

"बाई, ऐंशीच हायेत."

"काय ऐंशी?"

"दाने. वीस दाने कमी हायेत." त्यांनी खिडकीकडे बोट केलं. बाहेर मैनाबाईची कोंबडी, पोट भरल्यासारखी, एका पायावर उभी होती.

पुढची दहा मिनिटं मला अजून लख्ख आठवतात. भाऊंनी काच टाकलेली नव्हती, कॅन्सरच्या पेशंटची काच ते कधीच टाकत नसत. माझ्या टेबलावरच्या वीस टाचण्या घेऊन डबीत शंभर पुरे केले. एकदा त्यांनी मोजलं, एकदा मी मोजलं. या वेळी मोठी वाटीसुद्धा मोजली. दोन्ही वेळा तेच. लिम्फोसाइट एकोणतीस, न्यूट्रोफिल चौसष्ट. दुपटीच्या जरा वर. कोंबडीनं बरोबर एकाच वाटीवर ताव मारला होता, आणि आमच्या त्या झटपट वजाबाकीनं तिनं खाल्लेले वीसच्या वीस दाणे मोठ्या वाटीच्या नावावर चढवले होते.

"बाई, लुना काढा," भाऊ म्हणाले. आठ-दहा वर्षांच्या ओळखीत मी त्यांना घाई करताना त्या एकाच दिवशी पाहिलं. "घाईत मोजलं का घाईच मोजल्या जाते," असं ते लॅबमधल्या प्रत्येकाला सुनवायचे. त्या दिवशी मात्र माझ्या मागे बसून, एका हातात डबी धरून, सारखे "दाबा ना बाई, दाबा" करत होते. माझी ती लुना मोपेड दोन माणसं बसली की बैलगाडीला वाट देत चालायची. आम्ही स्टँडवर पोहोचलो तेव्हा बस लागलेली होती आणि कंडक्टर चढा चढा म्हणून ओरडत होता.

अनसाबाई खिडकीशी बसलेली दिसली. लहानुभाऊ बसमध्ये नव्हता. तो पानठेल्यावर उभा होता. ठेलेवाल्यानं नुकताच घोटलेला खर्रा त्याच्या तळहातावर ठेवला होता, आणि तो पन्नीची गाठ सोडत होता. महिनाभर जिवाचा आटापिटा करून सोडलेला खर्रा. आता सोडून उपयोग काय, असं मनाशी म्हणत असेल. मला तिथेच रस्त्यावर रडू फुटायचं बाकी होतं.

भाऊ चालत्या लुनावरून उतरले. पडता पडता वाचले. धावत जाऊन त्यांनी लहानुभाऊच्या हातातली पन्नी हिसकली आणि नालीत फेकली.

"थांब गा! तुये वीस कोंबडीनं खाल्ले!"

सगळा स्टँड वळून बघायला लागला. बसमधली माणसं खिडक्यांतून अर्धी बाहेर आली. लहानुभाऊ आधी चिडला, मग गोंधळला. "कोनते वीस?" भाऊंना दम लागलेला. मी सांगू लागले, तर ठेलेवाला म्हणतो थांबा, नीट सांगा. कंडक्टरही खाली उतरला. अशा रीतीनं रक्तातल्या पेशी, वाट्या, लाखोळी आणि मैनाबाईची कोंबडी यांवर मी भर चौकात पंचवीस-तीस माणसांपुढे व्याख्यान दिलं. शेवटी म्हटलं, "लहानुभाऊ, चूक आमची झाली. भाऊंनी एक वाटी मोजली नाही आणि मी एका कागदावरून तुमचं सगळं ठरवून टाकलं. तुमचा आकडा चांगला आहे. पण खोटं सांगणार नाही, आकडा चांगला म्हणजे हमी नाही."

लहानुभाऊनं मान खाली घातली. मग खांदे गदगदा हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता.

"म्हंजे मायं मरन कोंबडी खाऊन गेली!"

बसमधले लोक हसले, कंडक्टर हसला, ठेलेवालाही हसला. अनसाबाई तेवढी हसली नाही. ती खाली उतरली, भाऊंच्या समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दोन घंटे मी याले मनातल्या मनात जाळून आली, भाऊ." भाऊंनी तिच्यापुढे हात जोडले. मग तिनंच डोळे पुसले आणि विचारलं, "थे कोंबडी कुठी हाय?"

"हमी नसन तं नसो, बाई," लहानुभाऊ मला म्हणाला. "हमी तं आमचा तलावबी देत नाई. जाळं टाकाच लागते. कधी जाचं नागपूरले?"

आठ दिवसांनी तो गेला. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले. तीन महिन्यांनी परत आला तेव्हा गाल आत ओढलेला, चेहरा एका बाजूला कललेला, बोलणं जड. तरी बोलायचा पहिल्याइतकंच. येताना त्यानं आपलं एक जुनं मासे धरायचं जाळं आणलं होतं. कुणाला काही न विचारता त्यानं ते लॅबच्या खिडकीला आतून ठोकून बसवलं. "आता कोंबडी काय, चिमनीबी येनार नाई," म्हणाला. भाऊंनी वही काढली. लहानुभाऊच्या ओळीत आधीचे दोन आकडे एका रेघेनं खोडलेले होते, पण वाचता येतील असे. नवे आकडे त्यांच्या वर लिहिलेले. तिसऱ्या रकान्यात त्यांनी त्याच्यादेखत लिहिलं, 'भेटला'.

खोडलेले आकडे मिटवत का नाही, असं मी विचारलं होतं. "राहू द्या. मले दिसले पाह्यजे." डबीतल्या वीस दाण्यांची भरतीही त्यांनी लाखोळीनं केली नाही. तुरीचे वीस लाल दाणे घातले. मोजताना दर वेळी ते नजरेत यायचे. मोठी वाटी मोजल्याशिवाय त्यांनी त्यानंतर एकही रिपोर्ट दिला नाही. मी घाईत असले तर म्हणायचे, "बाई, लहान वाटी मोजून मोठीचा अंदाज करू नये. एकदा केला."

मैनाबाईची कोंबडी कापायचा कुणाला धीर झाला नाही. ती दवाखान्याच्या आवारातच राहिली, म्हातारी झाली, आणि शेवटपर्यंत लॅबच्या खिडकीखाली आशेनं बसायची.

दिवस पालटले. नव्या शतकाची पहिली काही वर्षं गेली तशी मोठमोठ्या शहरांतली डॉक्टर मंडळी याच दोन पेशींच्या प्रमाणाबद्दल लिहू-बोलू लागली, की या साध्या आकड्यावरून कॅन्सरच्या पेशंटचं पुढे कसं होईल याचा अंदाज बांधता येतो. एकदा आमच्याकडे एक तरुण तज्ज्ञ व्याख्यान द्यायला आले. पडद्यावर आलेख, रेघा, रंग. भाऊ शेवटच्या बाकावर वही मांडीवर घेऊन बसले होते. प्रश्न विचारा म्हटल्यावर उठून उभे राहिले. "साहेब, ताप असनारे वेगळे काढले होते का?" साहेबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मनापासून उत्तर दिलं. परत जाताना भाऊ मला म्हणाले, "लय बरं वाटलं बाई. इतके वर्षं वाटे, मी एकटाच येडा हाओ का."

मग दवाखान्यात मशीन आलं. नळी रक्तात बुडवायची, मिनिटभरात कागद बाहेर. भाऊंनी ते हौसेनं शिकून घेतलं, त्याला रोज पुसायचे, त्याच्यावर कापड घालायचे. फक्त एकदा म्हणाले, "भारी हाय. हजारानं मोजते. पन याले अनसाबाई ठाऊक नाई."

त्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी डबी आणि वही माझ्या हातात दिली. मी म्हटलं, हे तुमचं आहे, घरी न्या. ते म्हणाले, "वहीत जागा उरली हाय बाई. लोकं इथीच भेटाले येनार, मायाकडं थोडी येनार!" मला त्यांच्या पाया पडायचं होतं. ते दोन पावलं मागे सरले आणि माझ्या हाताला धरून म्हणाले, "आकडा शंभराचा असते बाई. मानूस एकच असते. तेवढं ध्यानात ठेवा." आता ते धान आणि लाखोळी करतात. दर वर्षी माझ्याकडे पिशवीभर डाळ येते, सोबत निरोप असतो, खायची हाय, मोजायची नाई.

लहानुभाऊ वर्षातून एकदा तपासणीला येतो. गेल्या वेळी मशीनचा कागद मी त्याच्यापुढे धरला. दोन आकडे, त्यांचं प्रमाण, सगळं छापून आलेलं, सगळं ठीक. त्यानं कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

"मशीन चांगली हाय, बाई. पन आधी दाने मोजा."

बाहेर रांग होती. तरी मी डबी काढली, टेबलावर दाणे ओतले आणि त्याच्यासमोर एकेक करून मोजायला लागले. तो वाकड्या तोंडानं हसत, एक नजर खिडकीवर ठेवून, शेवटपर्यंत बसून राहिला. ऐंशी लाखोळीचे, वीस तुरीचे. शंभर भरले. मग मी वही उघडली आणि भाऊंच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात लिहिलं, 'भेटला'.